न तुटणारी रेघ

सगळं हिरवं होतं, आणि नेमकं तेच मोजणीबाईला खुपत होतं.

ऑफिसात तिला सगळे मोजणीबाईच म्हणत, कारण दिसेल ते मोजायची तिला खोड होती. त्या खोडीचाच ती पगार घ्यायची म्हणा. कंपनी दुसऱ्यांची अ‍ॅप्स आपल्या क्लाउडवर चालवून द्यायची. कुणाचं औषधांचं दुकान, कुणाची शाळा, कुणाची टॅक्सीसेवा. त्यातलं कुठलं नीट चाललंय, कुठलं धापा टाकतंय, कुठलं आडवं पडलंय, याची मोजमापं सतत गोळा करून एका पडद्यावर दाखवणारी सेवा तिने उभी केली होती. आज दुपारी साहेब ती बड्या गिऱ्हाइकांना दाखवणार होते. सकाळपासून मोजणीबाईच्या पायाला भिंगरी लागली होती. पाण्याची बाटली भरायला म्हणून उठायची, ती भरलेलीच आहे हे नळापाशी कळायचं, मग परत यायची.

बिघाड सापडला असता तर तिला बरं वाटलं असतं. बिघाडाच्या मागे लागता येतं. सगळं छान चाललंय याच्या मागे कसं लागणार?

खरं तर पडदा सुरुवातीला इतका गुणी नव्हता. नेटवर्क जरा अडखळलं की एखादं मोजमाप पोचायचं नाही आणि आलेखाची रेघ तिथे तुटायची. साहेबांना तुटकी रेघ बघवत नसे. दुसऱ्यांची छपरं शाकारायला निघालेत आणि यांचंच घर गळतंय, असं गिऱ्हाईक म्हणेल, हा त्यांचा घोर. मोजणीबाईने तोडगा काढला: मोजमाप आलं नाही, तर आधीचाच आकडा पुढे ओढायचा. कोडच्या दोन ओळींचं काम. रेघ सांधली गेली, साहेब खूश झाले, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत तिने स्वतःचीही समजूत घातली.

या सेवेचं पहिलं गिऱ्हाईक मात्र दुकान नव्हतं की शाळा नव्हती. ते होते तिचे बाबा.

बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहायचे. उभा जन्म विजेच्या खांबांवर चढलेले वायरमन; आता गुडघे जिनासुद्धा धड चढू देत नव्हते, पण तोरा खांबावरचाच. आई गेल्यापासून ती त्यांना रोज संध्याकाळी फोन करायची. मग सेवेची चाचणी घ्यायला काहीतरी हवं होतं, म्हणून साहेबांना विचारून तिने बाबांच्या स्वयंपाकघरात हालचाल टिपणारी एक डबी लावली. माणूस हलला की एक, नाही हलला की शून्य. बराच वेळ हालचाल दिसली नाही किंवा डबीच बंद पडली, तर मला लगेच कळेल आणि मी धावत येईन, असं तिने त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. बाबांनी डबीचं नाव चहाडखोर ठेवलं.

पहिले काही दिवस ती आलेख बघून फोनही करायची. पुढे नुसता आलेख उरला. हिरवा ठिपका दिसला म्हणजे बाबा ठीक, आणि बाबा ठीक असले तर फोन काय, उद्या करू. ते आपणहून कधी फोन करत नसत. खांबावर असताना फोनला हात लावायचा नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की जमिनीवर उतरल्यावरही सुटलं नाही.

शेजारच्या टेबलावर सर्व्हर सांभाळणारा शंकासुर बसायचा. हे नाव त्याने कष्टाने कमावलेलं होतं. त्याला सुप्रभात म्हटलं तरी तो आधी खिडकीबाहेर बघून खात्री करून घेई. तिची येरझार बघून त्याने विचारलं, की चालू असलेलं अ‍ॅप कसं दिसतं ते कळलं, पण बंद पडलेलं कसं दिसतं ते तू पाहिलंयस का? तिने पाहिलं नव्हतं. तेव्हा त्याने चाचणीचं एक अ‍ॅप बंद केलं आणि दोघं पडद्याकडे बघत उभी राहिली.

रेघ तुटली नाही, घसरली नाही. होती तिथूनच सरळ पुढे निघाली, हिरवीगार.

"वा," शंकासुर म्हणाला. "मेलेल्याची नाडीसुद्धा छान लागतेय तुझ्याकडे."

तो हसला. तीही हसायला गेली आणि तिचं हसू अर्ध्यावरच राहिलं. मनात पाल चुकचुकली. तिने बाबांचा आलेख उघडला. रोज ती कोपऱ्यातला ठिपका तेवढा बघायची. आज तिने अख्खा आठवडा समोर घेतला. आधी करवतीच्या दातांसारखी वरखाली रेघ होती. सकाळचा चहा, दुपारचं जेवण, रात्री मधेच पाणी प्यायला उठणं, सगळं त्यात वाचता येत होतं. मग सोमवारी सकाळी रेघ वर गेली ती खाली आलीच नाही. आलेखावर विश्वास ठेवायचा तर सोमवारपासून बाबा स्वयंपाकघरात अखंड हलत होते, दिवसा, रात्री, पहाटे, क्षणभर न थांबता. आणि आज शुक्रवार होता.

तिने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच.

साहेब तिला दारातच भेटले, गिऱ्हाइकांच्या स्वागताचं हसू आधीच चेहऱ्यावर चढवलेलं. तो पडदा कुणाला दाखवू नका, तो खोटं बोलतो आणि ते मीच त्याला शिकवलंय, एवढं तिने सांगितलं. शंकासुराला त्या दोन ओळी काढून टाकायला सांगितल्या आणि ती निघाली. साहेब मागून काहीतरी मोठ्याने म्हणाले, पण तोवर ती खालच्या मजल्यावर पोचली होती.

टॅक्सीत तिचा गुडघा थांबत नव्हता. काही तातडीचं आहे का, असं चालकाने आरशातून बघत विचारलं. माहीत नाही, असं ती म्हणाली, आणि तेच खरं होतं. डबीच बिघडली असेल, तिने स्वतःला सांगून पाहिलं. मग फोन का बंद? मन चिंती ते वैरी न चिंती. प्रत्येक सिग्नलला तिला बाबा फरशीवर वेगवेगळ्या जागी पडलेले दिसले. जगाच्या दुकानांची आणि शाळांची नाडी धरायला निघालेल्या या बाईला बापाचा आवाज शेवटचा कधी ऐकला ते आठवेना. तिला स्वतःचा राग आला, आणि त्या रागाखाली नुसती भीती होती.

बेल वाजवली. आतून काहीच नाही. पुन्हा वाजवली, मग दारावर थापा मारल्या. शेजारचं दार किलकिलं झालं. आणि मग आतून, अगदी सावकाश, चपला घासत येत असल्याचा आवाज आला.

बाबांनी दार उघडलं. दाढीचे खुंट वाढलेले, हातात पेचकस.

"एवढं बडवायला काय झालं?" ते म्हणाले.

ती चौकटीला धरून उभी राहिली. फोनचं विचारलं तर तो कपाटात असेल, चार्जिंग संपलं असेल, म्हणाले. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर डबी होती, आणि शेजारी तिचे सेल, वायरमनच्या शिस्तीने एका ओळीत ठेवलेले.

"हे कधी बंद पडलं?"

"पडलं नाही. मी काढलं, सोमवारी." बाबा खुर्चीत टेकले. "तूच म्हणाली होतीस ना, बंद पडलं की धावत येईन म्हणून."

तिने एक सेल उचलला आणि परत होता तिथेच ठेवला.

"सोमवारी दाढीबिढी करून बसलो होतो," ते म्हणाले. "मंगळवारीपण केली. मग म्हटलं, कामात असेल."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तिला तेच सोसवेना. ती त्यांच्यासमोर बसली आणि तिने सगळं सांगितलं. तुटणारी रेघ, साहेब, त्या दोन ओळी, आठवडाभर दिसत राहिलेला हिरवा ठिपका. बाबांनी जुन्या वायरमनच्या कानांनी ते ऐकून घेतलं.

"म्हणजे इकडे तार तुटली, तरी तुझ्याकडे दिवा चालूच?"

"हो."

"असं कोण जोडतं?"

"मी जोडलं, बाबा. मला कळलंच नाही."

ते तिच्याकडे बघत राहिले. सोमवारपासून आवळून धरलेलं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू सैल झालं. "कळलंच नाही होय," ते म्हणाले. "मला वाटलं, कळूनही आली नाहीस."

तेव्हा मात्र तिला रडू आवरलं नाही. बाबांना रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कधीच जमलेलं नव्हतं. ते उठले आणि चहाचं आधण ठेवायला लागले.

इतक्यात तिचा फोन थरथरला. डबीचा इशारा होता; शंकासुराने त्या दोन ओळी काढल्या होत्या.

"काय म्हणतोय चहाडखोर?" बाबांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

तिने डोळे पुसून वाचलं. "तुमच्याकडून काही कळत नाहीये म्हणतोय."

"आत्ता कळलं होय त्याला."

तिने ओट्यावरचे सेल उचलून हातात घेतले. परत लावू का, असं तिने विचारलं. बाबांनी गॅस बारीक केला आणि जरा विचार केला.

"लाव हवं तर," ते म्हणाले. "पण मी मधूनमधून काढणार."