कोचचा बोर्ड आणि मी

मित्रांनो, डाव्या नडगीवर बांधायचा शिनगार्ड म्हणून माझा जन्म बँकॉकच्या एका कारखान्यात झाला. माझा जोडीदार, उजवा, कधीच तडकून गेला. मी अजून आहे.

प्रसितने आम्हाला घेतलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. तो फुटबॉलमधला बचावपटू होता. बचावपटूचं नाव वर्तमानपत्रात सहसा येत नाही. चुकला तरच येतं. त्याच्या डाव्या पायावर येणारी प्रत्येक लाथ आधी मला बसायची आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. मॅच संपली की तो मला थंड पाण्याने धुऊन खिडकीत वाळत ठेवायचा. अठरा वर्षं त्याच्या इतक्या जवळ दुसरं कोणी नव्हतं.

तिशीत त्याने शैलाशी लग्न केलं. ती पुण्याची, इंग्लंडमध्ये स्लाऊला नर्स होती. आम्हीही स्लाऊला आलो. तिथल्या एका हौशी क्लबकडून तो पाच वर्षं खेळला. मग गुडघ्याने साथ सोडली आणि क्लबने त्याला मॅनेजर, म्हणजे कोच, केलं.

त्याच आठवड्यात मॅचचे डावपेच आखायचा बोर्ड आला. हिरवा, चकचकीत, त्यावर चुंबकाच्या लाल-निळ्या चकत्या. खरं सांगतो, पाहिल्याबरोबर मला तो नकोसा झाला. त्याने आयुष्यात एक तरी लाथ खाल्ली होती का? मी बॅगेच्या तळाशी आणि तो जेवणाच्या टेबलावर. प्रसित त्याच्यापाशी थाई भाषेत पुटपुटायचा, त्याला बाहीने पुसायचा.

"त्या बोर्डालाही एक ताट वाढ गं," शैला मुलीला म्हणायची. ऋजुता हसायची नाही. तिचे कितीतरी रविवार त्या चकत्यांनी खाल्ले होते. घरात माझ्यासारखं आणखी कोणीतरी आहे, हे मला तेव्हाच कळलं.

गेल्या मार्चमध्ये प्रसित गेला. शवपेटीत काही ठेवायचं आहे का, असं अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंनी विचारलं. शैलाने बोर्ड पुढे केला. मला ते सहन होईना. त्याच्याबरोबर जायचा पहिला हक्क माझा होता. ऋजुताने बॅग उपसून मला बाहेर काढलं आणि बोर्डाशेजारी ठेवलं. बाईंनी हळूच सांगितलं की दहनात प्लास्टिक चालत नाही. आम्ही दोघंही घरी परत आलो.

दोन आठवड्यांनी समर आला. तो क्लबचा चाळिशीतला बचावपटू. रविवारी मॅच होती, बोर्ड हवा होता. मला मनातून आनंद झाला. एकदाचा जाईल, आणि प्रसित पुरता माझा होईल. ऋजुतानेही बोर्ड लगेच आणून दिला.

दारात समर थबकला. "कोचचं हसणं खूप मिस करतो आम्ही."

"हसणं? कधी हसायचा बाबा?"

"गोल खाल्ला की. आम्ही सगळे एकदम डाउन, आणि कोच हसायचे. म्हणायचे, बरं झालं, आता त्यांच्या मागे धावायला मी मैदानात नाही."

ऋजुताने त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. मग त्याच्या हातातून बोर्ड घेऊन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बस. अजून सांग."

मी ऐकत होतो. माझ्या वेळी गोल खाल्ला की प्रसित दोन-दोन दिवस नीट जेवायचा नाही. हसणारा प्रसित मी पाहिलाच नव्हता. बोर्डाने तो सत्तावीस वर्षं पाहिला, आणि मी बॅगेत जळत बसलो.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना अधूनमधून पुसून ठेवत जा, एवढंच मागायचं मी ठरवलं होतं. आता आणखी एक मागतो. ज्याचा हेवा वाटतो, त्याच्यापाशी आपल्या माणसाचं असं काहीतरी असतं, जे आपल्या वाट्याला आलेलं नसतं. तो दाराबाहेर पडण्याआधी त्याला बसवून घ्या. विचारा.

समर त्या दुपारी चहा गार होईपर्यंत बोलत राहिला. रविवारी बोर्ड मैदानावर गेला. हेवा मला अजून वाटतो. पण बोर्ड परत कधी येतो, याची मी वाटही बघतो.