पाचच्या खाली

माझ्या गणिताचा कुणालाही काडीचा उपयोग नाही, याचा मला तीस वर्षं अभिमान होता. विद्यापीठात आमच्या मजल्यावर तो सगळ्यांनाच असतो. खालच्या मजल्यावरचे लोक पुलांची, औषधांची, हवामानाची गणितं करतात. आम्ही जिन्यात त्यांच्याशी गोड बोलतो आणि वर येऊन नाक मुरडतो.

माझा धाकटा भाऊ रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात कामाला होता. कुठली गाडी कुठल्या नाक्यावर उभी करायची, एखादी रुग्णाकडे गेली की उरलेल्या कुठे सरकवायच्या, हे ठरवणारा प्रोग्रॅम त्याच्या हाती होता. भावजय त्याला घरात हवालदार म्हणायची. तीन वर्षांपूर्वी दोघं माझ्याकडे जेवायला आली होती, तेव्हा त्याने टेबलावर पडलेला माझा शोधनिबंध उचलला. वर्तुळावर काही बिंदू मांडलेले आहेत. त्यातला एक उचलला की शेजारचे दोन त्याच्या दिशेने सरकतात, त्या दोघांच्या जागा मागचे दोन भरून काढतात, आणि वर्तुळाची कुठलीच बाजू उघडी पडत नाही. एवढाच तो सिद्धांत.

"ताई, अगं हे आमच्या गाड्यांना जसंच्या तसं लागू पडतं," तो म्हणाला.

"ऐकलंस का? मी कामाची निघाले!" मी भावजयीला म्हटलं. वरवर थट्टा केली, पण अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

"किती नाकी हवीत, अशी काही अट आहे का?" त्याने विचारलं.

"छे रे, कितीही चालतील."

त्यांच्या गावाभोवतीच्या रस्त्यावर चार नाकी होती. किती आहेत, हे मी विचारलंही नाही.

त्याने तो नियम प्रोग्रॅममध्ये घातला आणि दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एका गुरुवारी दुपारी पूर्वेची गाडी शिडीवरून पडलेल्या एका रंगाऱ्याकडे गेली आणि उरलेल्या तीन गाड्या नियमाप्रमाणे सरकल्या. अर्ध्या तासाने दक्षिणेकडच्या घरातून भावजयीने फोन केला, छातीत कळ येतेय म्हणून. तो फोन भावाच्याच कक्षात आला. एरवी तिथे सात मिनिटांत गाडी पोचते. त्या दिवशी बावीस लागली, आणि ती बावीस मिनिटं त्याने पडद्यावर गाडीचा ठिपका सरकताना पाहिला. गाडी पोचली तेव्हा भावजय दाराची कडी काढून उंबऱ्यातच पडली होती. सगळं संपलं होतं.

चौकशी झाली. नियम शास्त्रशुद्ध आहे, गाड्याही नियमाप्रमाणेच चालल्या, असा अहवाल आला. भावाला तो पटेना.

"तुझा सिद्धांत सिद्ध झालेला आहे ना, ताई? मग चूक माझ्याच प्रोग्रॅममध्ये असणार. कुठेतरी एखादा आकडा चुकलाय. मीच तिला मारलंय."

त्याने नोकरी सोडली. नऊशे ओळींचा तो प्रोग्रॅम छापून घेतला आणि लाल पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. सकाळी जावं तर तिथेच, संध्याकाळी जावं तर तिथेच. मी डबा न्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी तो तसाच भरलेला परत आणायचे. दीड महिन्यात त्याच्या गालांची हाडं वर आली. तिच्यामागून हाही जाणार, असं मला दिसत होतं.

त्याचा प्रोग्रॅम माझ्या सिद्धांताशी ताडून पाहावा म्हणून मी अखेर माझाच निबंध काढला. प्रकाशित झाल्यापासून मी तो उघडला नव्हता. चौथ्या पानावर ओळ होती, 'पाचपेक्षा कमी बिंदूंसाठी हे उघड आहे.'

आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. लहान आकडे कंटाळवाणे असतात. ते मांडत बसलं तर लोक नवशिक्या समजतील, म्हणून 'उघड आहे' लिहायचं आणि पुढे जायचं. तपासणाराही विचारत नाही, कारण विचारलं तर त्याला उघड गोष्ट कळली नाही असं होतं. मी पाठकोऱ्या कागदावर चार टिंबं काढली आणि सिद्धांत तिथेच मोडला.

खरं सांगते, मी तो कागद फाडला आणि दोन दिवस गप्प बसले. त्याचं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, ताईही गेली तर तो काय करील, असं स्वतःला समजावत राहिले. सगळा भेकडपणा. तिसऱ्या दिवशी डबा पुन्हा भरलेला परत आला, तेव्हा मी विद्यापीठात न जाता त्याच्याकडेच बसले.

"पेन्सिल ठेव," मी म्हटलं. "तुझं काही चुकलेलं नाही. माझं चुकलंय."

मी फळीवरून चार कप काढले आणि टेबलावर गोल मांडले. पूर्वेचा उचलला. उत्तरेचा आणि दक्षिणेचा त्याच्याकडे सरकवला.

"आता या दोघांच्या जागा मागच्या दोघांनी भरायच्या. पाच नाकी असती तर मागे दोन गाड्या उरल्या असत्या. चारात एकच उरते." मी पश्चिमेचा कप हातात धरला. "ही एकटी दोन्हीकडे कशी जाणार? तुझ्या प्रोग्रॅमने तिला उत्तरेला पाठवलं. दक्षिणेला कुणी राहिलंच नाही."

त्याने बोट पुढे करून दक्षिणेच्या रिकाम्या जागेवर ठेवलं. तो रडेल, मला हाकलून देईल, काहीही करील, याची मी तयारी केली होती. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"हे शोधायला तुला किती वेळ लागला?"

मला खोटं बोलता आलं नाही.

"पाच मिनिटं."

त्याने मान हलवली. मग नऊशे ओळींचे ते कागद गोळा केले, कडा नीट जुळवल्या आणि माझ्यासमोर ठेवले.

"तिच्याकडे बावीस होती, ताई," तो म्हणाला. "तू आता जा."