फुगलेल्या गालाची पिशवी

मित्रांनो, सायकल बघताना तुमची नजर आधी कुठे जाते ते मला चांगलं ठाऊक आहे. चाकांकडे जाते, गिअरकडे जाते, फार तर घंटीकडे. दांडीखाली, चौकटीच्या पोटात, एक तिकोनी राखाडी पिशवी बसलेली असते. तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. ती पिशवी म्हणजे मी. कोपरे झिजले आहेत, पट्टे विटले आहेत, पण माझ्याइतकं हसू क्वचितच कोणी वाहिलं असेल. कसं, ते सांगते. जरा सावरून बसा.

माझा जन्म एका शिवणखोलीत झाला. मला शिवणारी बाई ओठांत टाचण्या धरून बोलायची, त्यामुळे तिचं बोलणं कोणाला कळायचं नाही. टाका मात्र कधी चुकला नाही. तिने मला बाहेरून जाड कापड दिलं, आतून मऊ अस्तर दिलं, आणि दोन्हींच्या मधे बोटभर जाडीचा स्पंज घातला. या स्पंजाचा मला फार अभिमान होता. तो लक्षात ठेवा. पुढे एका रविवारी याच स्पंजापायी माझ्या तोंडचं पाणी पळालं.

शिवणखोलीतून मी सायकलींच्या दुकानात आले आणि सगळ्यांत वरच्या आकड्याला लटकले. खालच्या आकड्यांवर चकचकीत पिशव्या होत्या. गिऱ्हाइकं त्यांच्यावर हात फिरवायची आणि माझ्यापर्यंत मान वर करायचे कष्ट घ्यायची नाहीत. वर्ष सव्वा वर्ष मी तशीच धूळ खात होते. देवाला आपली आठवण राहिली नसावी, असं मनात येऊ लागलं होतं. आणि एके दिवशी दुकानात ताई आल्या.

ताई दातांच्या कवळ्या बनवत. त्यांची कार्यशाळा शहरात होती, पण निम्मी गिऱ्हाइकं डोंगरापलीकडच्या गावांत. गाडीरस्ता डोंगराला वळसा घालून जाई आणि अर्धा दिवस खाई. पायवाट मात्र सरळ खिंडीतून उतरे. त्या वाटेने ये-जा करायला ताईंना सायकल हवी होती. बरोबर त्यांचा धाकटा भाऊ होता. सायकलींविषयी जे जे छापून येतं ते सगळं तो वाचत असे, म्हणून घरात त्याचं नाव सायकलपंडित पडलं होतं. आल्या आल्या त्याने पुढेमागे दोन्हीकडे धक्के झेलणारं सस्पेन्शन असलेली एक लालभडक डोंगरी सायकल पसंत केली आणि दुकानदारकाकांशी गिअरच्या दातांवर चर्चा सुरू केली.

ताईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी पर्समधून पांढऱ्या प्लास्टरचा एक जबडा काढला. मग दुसरा. मग तिसरा. दुकानदारकाका दोन पावलं मागे सरकले.

ताईंनी काय करावं? पहिला जबडा कॅरिअरवरच्या पिशवीत ठेवला आणि दुकानामागच्या अंगणात विटांच्या तुकड्यांवरून सायकल दामटली. पिशवी उघडली तर जबड्याचे दोन दात पडलेले. दुसरा जबडा हँडलवरच्या पिशवीत ठेवला. तो मधोमध दुभंगला. मग त्यांनी मान वर केली आणि मला खाली काढायला सांगितलं. काकांनी मला फुंकर मारली, अंगणात उभ्या असलेल्या एका वापरलेल्या सायकलच्या चौकटीत बांधलं, आणि तिसरा जबडा माझ्या पोटात गेला. दोन चाकांच्या बरोबर मधे हिसका सगळ्यांत कमी बसतो, मित्रांनो. वर माझा स्पंज. जबडा जसा गेला तसा बाहेर आला. एक दातसुद्धा हलला नव्हता.

पण काका म्हणाले की ही पिशवी त्या लाल सायकलला बसायची नाही. मागच्या सस्पेन्शनने चौकटीतली जागा खाल्ली आहे.

"मग लाल सायकल नको," ताई म्हणाल्या. "हिला बसेल अशी दाखवा."

"अगं, सायकलसाठी पिशवी घेतात. पिशवीसाठी सायकल घेणारी तू पहिलीच."

"माझे दात सायकल नेणार नाही. पिशवी नेणार आहे. सायकल फक्त पिशवीला नेणार."

सायकलपंडिताने कपाळाला हात लावला. काका मात्र कामाला लागले. चौकट मोकळी हवी, सस्पेन्शन फक्त पुढे हवं, टायर रुंद आणि खाचांचे हवेत. शिवाय दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिल्यावर ताईंच्या दोन्ही टाचा जमिनीला टेकायला हव्यात, कारण खडकाळ वाटेवर पाय पटकन खाली टेकता आला नाही तर माणूस तोंडावर पडतो. दुपारपर्यंत पाच सायकली झाल्या. सहावी शेवाळी रंगाची होती. तिच्यात मी अशी बसले, जणू माझं माप घेऊनच ती घडवली होती. त्या दिवशी मला पटलं की उशीर झाला म्हणजे देव विसरला असं नसतं.

पुढची सहा वर्षं माझी सोन्यासारखी गेली. आठवड्यातून दोनदा आम्ही खिंड ओलांडत असू. जाताना माझ्या पोटात ओल्या कापसात गुंडाळलेल्या कवळ्या असत, कारण कवळी कोरडी पडू द्यायची नसते. येताना नव्या मापांचे साचे असत. उतारावर आमची सायकल दिसली की पोरं "दात आले, दात आले" म्हणत धावत सुटायची आणि म्हाताऱ्या घाईघाईने केस विंचरायच्या. एका सुताराने नव्या दातांनी पहिला घास म्हणून सफरचंद खाल्लं, तेही पाठ फिरवून, कारण त्याला रडू आलं होतं. जाताना त्याने माझ्यावर दोनदा थोपटलं. दात त्याला ताईंनी दिले होते, पण थोपटलं त्याने मला. हे मी कोणाला सांगितलं नाही, आज तुम्हाला सांगते आहे.

मग ताईंच्या वाढदिवसाला सायकलपंडिताने हँडलवर लावायची एक नवी पिशवी आणली. काळीभोर, पाणी आत न शिरणारी, वर नकाशा ठेवायला पारदर्शक खिसा. स्पंज तर तिच्यात माझ्या दुप्पट. भावाचं मन मोडू नये म्हणून ताईंनी ती लावली, आणि मी कार्यशाळेतल्या खिळ्यावर गेले.

ताईंचा दोष नाही. कामाच्या रगाड्यात माणसाला सगळीकडे बघता येत नाही. पण माझ्यात घासकागद आले, बोथट ब्रश आले, आणि मेण कोरायची एक टोकदार कोरणीही आली. प्लास्टरची पूड माझ्या तोंडाच्या चेनमध्ये बसून घट्ट झाली. एकदा चेन अडकली आणि कोणीतरी ती ओढली, तेव्हा तिचे दोन दात गेले. दात वाहणाऱ्या पिशवीचेच दात पडावेत, याचं मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. कोरणीने तर माझं अस्तर आतून फाडलं. बाहेरून ते कोणाला दिसलं नाही. बोलायची सोय असती तर मी सांगितलं असतं. पण पिशवीला तोंड असतं, जीभ नसते.

आता गाणाऱ्या आजोबांचं ऐका, कारण माझ्या आयुष्याची गाठ तिथेच बसली आणि तिथेच सुटली.

डोंगरापलीकडच्या एका गावात हे आजोबा पन्नास वर्षं दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सभागृहात देवाच्या कथा गाऊन सांगत. लोक डबे बांधून ऐकायला येत. ते हसवत, मधेच असा एक सूर लावत की पंख्याचा आवाजसुद्धा ऐकू येईनासा होई. पण त्यांचे दात गेले. कथेची सुरुवात ते नेहमी "दीनदयाळा" या हाकेने करत, आणि दातांवाचून त्यातला "द" निसटून जायचा. "नाव तर मनातही घेता येतं," असं आजी समजावत. आजोबा म्हणत, मनातलं देवाला पोचतं गं, पण मागच्या रांगेला पोचत नाही.

वर्षभर ते गप्प राहिले. सभागृहाची मंडळी किती थांबणार? शेवटी आजोबांनीच सांगून टाकलं की या महिन्याच्या शेवटच्या रविवारी गाईन, नाही जमलं तर माझी जागा दुसऱ्याला द्या, मी पुन्हा मागणार नाही. आणि ताईंकडे कवळीचं माप दिलं.

कवळी पक्की करण्याआधी तिचा मेणाचा नमुना तोंडात बसवून बघावा लागतो. ताई तो नमुना काळ्या पिशवीतून घेऊन निघाल्या. ऊन कडक होतं. काळ्या कापडाने ते सगळं पिऊन घेतलं. आजोबांच्या घरी पोचून डबी उघडली, तर मेण मऊ होऊन दात असे कलले होते, जसा गुरुजी बाहेर गेल्यावर मुलांच्या रांगेचा अवतार होतो. चार दिवसांची मेहनत फुकट गेली, आणि हातात उरले नऊ दिवस.

परत आल्यावर ताई बराच वेळ माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी राखाडी, आणि सायकल चालवताना त्यांच्या गुडघ्यांच्या सावलीत बसणारी. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, उलटं करून झटकलं आणि पुन्हा चौकटीत बांधलं. आत हात घालून बघायला त्यांना सवड नव्हती. दुसरा नमुना मी नीट पोचवला, तो मोठ्या डबीत होता. आजोबांच्या तोंडात तो बरोबर बसला. मला वाटलं, सुटले.

रविवारी सकाळी ताई तयार कवळी घेऊन निघाल्या. या वेळी डबी चपटी होती, हातात मावेल एवढी. दुपारी चारला आजोबांचं गाणं होतं. त्याआधी दोनतीन तास जिभेला सवय व्हायला हवी, कुठे टोचलं तर घासून द्यायला हवं. खिंड चढेपर्यंत सगळं ठीक होतं. उतारावर दगड सुरू झाले. पहिल्या हिसक्याला डबी फाटलेल्या अस्तरावर आपटली. दुसऱ्याला भोक मोठं झालं. तिसऱ्याला डबी अस्तरातून आत शिरली आणि स्पंजाच्या कडेने सरकत माझ्या पुढच्या निमुळत्या कोपऱ्यात जाऊन घट्ट रुतली. आत ओला कापूस, त्यामुळे खुट्ट म्हणून आवाज झाला नाही.

आजोबांच्या घरी ताईंनी माझ्यात हात घातला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला सोडवून घरात नेलं, उलटं केलं, झटकलं. पंक्चरचं सामान पडलं, पाना पडला, डबी पडली नाही. कोपरा दाबला तेव्हा हाताला स्पंजच लागतोय असं त्यांना वाटलं. मग त्यांना चेनमधली दोन दातांची फट दिसली. डबी तिथून वाटेत कुठेतरी पडली, अशी त्यांची खात्रीच झाली.

"आजोबा, मी परत वर जाऊन शोधते," त्या म्हणाल्या. "चारपर्यंत येईन की नाही, सांगता येत नाही."

आजोबांनी कपाटातून काढून ठेवलेला धुतलेला सदरा पुन्हा घडी करायला घेतला. ती घडी बघून माझा जीव तुटला. ताई मला बाकावर टाकून पळत बाहेर गेल्या. मी ओरडत होते, मित्रांनो. माझ्या प्रत्येक टाक्यातून मी ओरडत होते की अहो, इथेच आहे, माझ्याच पोटात आहे. पण कोण ऐकणार? मी देवाला म्हटलं, मला जीभ दिली नाहीस, निदान या घरात कोणाला तरी नजर दे.

आजोबा सदरा घेऊन बाकावर टेकले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. एकदा पडली. पुन्हा पडली. मग त्यांनी आजीला सांगितलं, तिला हाक मार. ताई फाटकाशी सायकल वळवतच होत्या. त्या धापा टाकत परत आल्या.

"पोरी, ही पिशवी रिकामी नाही," आजोबा म्हणाले.

"आजोबा, मी उलटी करून बघितली हो."

"रिकामं कसं दिसतं ते मला विचार. वर्षभर आरशात बघतोय." त्यांनी आपल्या बसलेल्या गालांवर दोन बोटं ठेवली आणि मग तीच बोटं माझ्या कोपऱ्यावर ठेवली. "रिकामं झालं की गाल आत जातात. हिचा एक गाल वर आहे बघ."

ताईंचा हात अस्तराच्या भोकातून कोपरापर्यंत आत गेला आणि डबी घेऊन बाहेर आला. त्या मटकन बाकावर बसल्या आणि हसायलाच लागल्या. आजीने तोंडाला पदर लावला. आणि माझा जीव, तुम्ही म्हणता तसा, भांड्यात पडला. इतकी हलकी मी शिवणखोलीतही नव्हते.

चार वाजता ताईंनी सायकल सभागृहाच्या खिडकीशी टेकवली, म्हणून मला सगळं ऐकू आलं. पहिल्या "दीनदयाळा"ला दातांतून शिट्टी वाजली. सभागृह हसलं. सगळ्यांत मोठ्याने आजोबाच हसले. नवीन आहेत, घरात रुळायला वेळ लागेल, असं म्हणून त्यांनी पुन्हा सूर धरला. या वेळी "द" घंटेसारखा लागला, खिडकीतून बाहेर आला आणि माझ्या सगळ्या पट्ट्यांमधून आरपार गेला. मागच्या रांगेला पोचला की नाही, हे विचारायची गरजच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंनी माझं अस्तर दुहेरी दोऱ्याने शिवलं, जुना ब्रश घेऊन शिवणीतली पूड काढली, पडलेल्या दातांची चेन बदलून आणली आणि तिच्यावर कार्यशाळेतलंच मेण फिरवलं. आता ती अशी सरकते, की आवाजही येत नाही. काळी पिशवी हँडलवर ताईंचा डबा आणि रेनकोट घेऊन बसते. सायकलपंडित खूश आहे आणि आमचंही छान जमतं. ती मला पुढचे खड्डे आधी सांगते.

मित्रांनो, तुम्ही कधी डोंगरात फिरायला सायकल घ्याल, तिच्यासाठी पिशवी घ्याल, तेव्हा रंगाला भुलू नका. काय न्यायचं आहे आणि कोणासाठी न्यायचं आहे, ते आधी ठरवा. घेतलीत, की तिला खिळ्यावर विसरू नका. महिन्यातून एकदा आत हात घालून अस्तर चाचपा, चेन पुसा, टोकदार वस्तू गुंडाळून ठेवा. आम्हाला दुखलं तर सांगता येत नाही. आणि जे गप्प बसलं आहे ते रिकामंच आहे, असं धरून चालू नका. मग ती पिशवी असो, नाहीतर घरातले आजोबा.

ताई आजही निघण्याआधी माझा पुढचा कोपरा अंगठ्याने एकदा दाबून बघतात. तिथे काही नसतं. तरी त्या हसतात, आणि आम्ही खिंडीकडे निघतो.