सुट्टीचा रिकामा चौकोन

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला मात्र नव्हे. मी विमानतळाशेजारच्या एका लांबट खोलीत राहतो. ही खोली वैमानिकांच्या संघटनेची. माझ्यावर कधी कविता लिहिली गेली नाही की बेरीज-वजाबाकी झाली नाही. माझ्यावर माणसांचे दिवस लिहिले गेले.

मला एका सुताराने घडवले. तो एरवी शाळांचे फळे करायचा. विमान कंपनीने त्याला सांगितले होते की डावीकडे ऐंशी नावे आणि वर एकतीस तारखा बसल्या पाहिजेत. त्याने तीन जाड फळ्या जोडल्या, काळा रंग दिला आणि पट्टी धरून पांढऱ्या रेघा ओढल्या. काम झाल्यावर तो मागे सरकून म्हणाला, "एवढे चौकोन भरायचे म्हणजे माणसं कधी झोपणार?" तो हसला, सामान उचलले आणि गेला. त्याच्या या प्रश्नावर याच खोलीत पुढे तीस वर्षांनी वाद होणार होता, हे त्याच्या गावीही नव्हते.

माझ्यावर लिहायचे काम एका बाईंकडे होते. सगळे त्यांना तक्तेवाल्या बाई म्हणत. पांढऱ्या खडूने लिहिले की उड्डाण. पिवळ्याने लिहिले की राखीव, म्हणजे गणवेश घालून घरी फोनजवळ बसायचे. चौकोन रिकामा असला की सुट्टी. बाईंचे अक्षर टपोरे होते. महिना बदलला की त्या मला ओल्या फडक्याने पुसत आणि मगच खडू हातात घेत. ती काळजी मी विसरलेलो नाही.

त्या काळातल्या वैमानिकांना रिकामा चौकोन आवडत नसे. उड्डाणाचे तास वाढले की मोठे विमान मिळे, आणि मोठ्या विमानासाठी ते जीव टाकत. करार आला की न वाचता सही करायचे आणि विमानाकडे पळायचे. सुट्टीच्या दिवशीही ते बाईंच्या मागे लागत, "बाई, एवढा चौकोन भरून टाका ना."

त्यांच्यात एक कॅप्टन होते. घड्याळाच्या काट्यासारखे वेळेवर येत, म्हणून त्यांना सगळे काटासाहेब म्हणत. एका महिन्यात त्यांच्या ओळीत एकही रिकामा चौकोन नव्हता. ती ओळ ते कितीतरी वेळ पाहत उभे राहिले. नवे घर बांधलेला माणूस रस्त्यापलीकडून आपल्या घराकडे पाहतो ना, अगदी तसे. मलाही तेव्हा अभिमान वाटला. खोटे कशाला बोलू?

त्यांची मुलगी आईचे बोट धरून कधीकधी यायची. बाबा घरी कधी येणार, ते आई माझ्यावर बघायची. शाळेत जायच्या आधीच पोरीला आकडे वाचता यायला लागले, ते माझ्यामुळे.

हीच मुलगी मोठी होऊन त्याच कंपनीत सहवैमानिक झाली. घरी ती त्यांना बाबा म्हणे, या खोलीत सर. काटासाहेब तोवर संघटनेचे अध्यक्ष झाले होते. ती आल्याच्या दिवशी त्यांनी बाईंना पेढ्यांचा पुडा दिला आणि जणू काही झालेच नाही, अशा थाटात हवामानावर बोलत राहिले.

पण तिच्याबरोबर आलेली मुले वेगळी होती. करार आला की ती खुर्च्या ओढून बसत आणि पेन्सिलीने खुणा करत एकेक कलम वाचत. त्यांच्यातला एकजण म्हणाला होता, "करार म्हणजे काही लग्न नाही. भाड्याचं घर आहे. परवडलं तर राहायचं." हे ऐकून जुन्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. ज्या कंपनीत आयुष्य घातले, तिला हा पोरगा भाड्याचे घर म्हणतो. त्यांना ते जिव्हारी लागले.

मग पाच वर्षांचा नवा करार आला. कंपनीची मोठी विमाने येणार होती आणि तरुणांना लवकर कॅप्टन करायचे ठरले होते. त्या बदल्यात सुट्टीच्या दिवशीही कोणालाही दोन तास आधी कळवून कामावर बोलावता येणार होते. ज्येष्ठांना यात काही वावगे दिसेना. तरुण मात्र हटून बसले. त्यांना दर महिन्याला दहा सुट्ट्या हव्या होत्या, आधीच जाहीर केलेल्या आणि कोणीही हात न लावण्याजोग्या. कंपनीचे व्यवस्थापक गोड आवाजात सुचवून गेले की एकमत होत नसेल तर दोन गटांशी दोन करार करू. तसे झाले असते तर संघटनेचे दोन तुकडे पडले असते, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होते.

त्याच आठवड्यात काटासाहेबांच्या मुलीला कॅप्टनपदाचे पत्र आले. नव्या विमानावर महिन्यातले वीस दिवस बाहेर राहायचे होते आणि तिची लेक तीन वर्षांची होती. तिने पत्राखाली लिहिले, आत्ता नको, आणि ते परत केले. काटासाहेबांना त्या पदासाठी अकरा वर्षे लागली होती. लेकीने ते दोन शब्दांत परत केले, हे त्यांना थोबाडीत मारल्यासारखे लागले. आठ दिवस ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. घरी जेवताना मीठसुद्धा नातीकरवी मागतात, असे बाई मला पुसता पुसता शेजारच्या टेबलावरच्या कारकूनबाईंना सांगत होत्या.

एक करार मागायचा की दोन, यावर मतदान ठरले आणि त्या दुपारी खोली गच्च भरली. तक्ता पुसून माझ्या मधोमध कोणीतरी उभी रेघ ओढली. डावीकडे ज्येष्ठांच्या मागण्या, उजवीकडे तरुणांच्या. आवाज चढत गेले. मग मुलगी उठली. ती शांतपणे बोलली. आज दोन उड्डाणांमध्ये पुरती विश्रांती मिळते, निवृत्तीनंतर हातात काही पडते, हे सगळे समोर बसलेल्यांनी मिळवले आणि आम्हाला ते आयते मिळाले, असे ती म्हणाली. "त्याचे उपकार आम्ही विसरलेलो नाही, सर. तुम्ही जिथपर्यंत आणलंत, तिथून पुढचं मागतोय, एवढंच."

मागच्या रांगेतले एक ज्येष्ठ कॅप्टन तुटकपणे म्हणाले, "तुमच्या वयात आम्ही कधी सुट्टी मागितली नव्हती."

मग काटासाहेब खुर्चीला धरून उभे राहिले.

"मागितली होती," ते म्हणाले. "याच फळ्यावर लिहिली होती. मीच पुसली."

आणि त्यांनी सांगितले. पहिल्या कराराच्या वेळी कंपनी दोनपैकी एकच गोष्ट द्यायला तयार होती. एक तर ठरलेल्या सुट्ट्या, नाहीतर प्रकृतीमुळे उडता येईनासे झाले तर जमिनीवरची नोकरी. त्यांच्या एका मित्राची नजर अधू होऊन नुकतीच नोकरी गेली होती. म्हणून त्यांनी सुट्ट्यांची ओळ तळहाताने पुसून टाकली. तो तळहात मला आजही आठवतो, मित्रांनो. पुसून झाल्यावरही तो बराच वेळ माझ्यावर टेकलेला होता.

"म्हटलं, पुढच्या खेपेला मागू," काटासाहेब म्हणाले. "पुढच्या खेपेला कोणी विषय काढला नाही. मीही नाही. मग हळूहळू आम्हाला वाटायला लागलं की आम्हाला ती नकोच होती."

एवढे बोलून ते माझ्याजवळ आले आणि त्यांनी मधली रेघ पुसली. खडू मात्र सापडेना. ते खिसे चाचपू लागले. तेव्हा मुलगी पुढे झाली आणि म्हणाली, "बाबा, हा घ्या." वैमानिक झाल्यापासून त्या खोलीत ती त्यांना पहिल्यांदा बाबा म्हणाली. काटासाहेबांनी खडू घेतला आणि सगळ्या मागण्यांच्या वर सुट्ट्यांची ओळ लिहिली.

मतदान झाले आणि करार सगळ्यांचा एकच मागायचा, असे ठरले. कंपनीशी बोलणी तीन महिने चालली. दहा मागितल्या, आठ सुट्ट्या मिळाल्या. सुट्टीच्या दिवशी बोलवायचे तर त्या माणसाची संमती लागेल, हे कबूल झाले. कॅप्टनपदाला एकदा नकार दिला तर रांगेतली जागा जाणार नाही, हेही मिळाले. लवकर कॅप्टन करायचे मात्र बारगळले. दोन तरुण चिडून दुसऱ्या कंपनीत गेले आणि काही ज्येष्ठ शेवटपर्यंत धुसफुसत राहिले. तरी संघटना एकच राहिली.

पुढल्या वर्षी काटासाहेब निवृत्त झाले. मग मोबाइलवर तक्ते येऊ लागले आणि बाईही निवृत्त झाल्या. मला भिंतीवरून उतरवून पाण्याच्या यंत्रामागे उभे केले, तोंड भिंतीकडे करून. चार वर्षे मी ओल खात होतो. खालच्या फळीला बुरशी आली. मला राग आला नाही, पण एकटे फार वाटले.

एके दिवशी काटासाहेब कसलासा दाखला न्यायला आले आणि त्यांनी मला पाहिले. दुसऱ्या दिवशी ते पॉलिश पेपर आणि रंगाचा डबा घेऊन हजर. घरात बसून करमत नाही, सुट्टी घ्यायची सवयच नाही, असे ते पहारेकऱ्याला सांगत होते. तिसऱ्या दिवशी त्यांची मुलगीही आली. तिची हक्काची सुट्टी होती. लेक शाळेत जायला लागल्यावर, आपल्याला हवे तेव्हा, ती कॅप्टन झाली होती.

दोघे मला घासत होते. काटासाहेबांनी मान वर न करता विचारले, "ते पत्र परत केलंस तेव्हा भीती नाही वाटली?"

"विमान हातचं जाईल याची नाही वाटली," ती म्हणाली. "तुमची वाटली होती."

काटासाहेब हसले. हसताना त्यांचा ब्रश हलला आणि काळा रंग तिच्या बाहीवर उडाला. मग दोघेही हसत बसले.

आता मी पुन्हा भिंतीवर आहे. माझ्यावर तक्ते नसतात, पण बैठकीतल्या मागण्या असतात, कोणाच्या वाढदिवसाची आठवण असते, कधी एखाद्या पोराने काढलेले वाकडे विमान असते. ज्यांनी मला घडवले, पुसले, घासले, त्या सगळ्या हातांचा मी ऋणी आहे. भांडणाऱ्यांचाही. दोन्ही गट माझ्याचकडे तोंड करून भांडले, एकमेकांकडे पाठ करून निघून गेले नाहीत.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादा जुना फळा असेल तर त्याला ओलीत ठेवू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडा करा. आणि कोणाच्या दिवसावर काही लिहायचे असेल, तर खडू टेकवायच्या आधी त्या माणसाला एकदा विचारा.