वाड्याचा अडसर आणि बुळकांडीचे साल

मित्रांनो, मी एक जुना अडसर आहे. अस्सल ऐनाच्या लाकडाचा, मांडीएवढा जाड आणि अजूनही सरळ. कर्जतच्या वर डोंगरात ठाकरांची एक वाडी आहे, तिथल्या एका घराच्या माळ्यावर मी पडून असतो. खाली चूल पेटते आणि वर मला धूर मिळतो, म्हणून वाळवी माझ्या वाटेला जात नाही. हल्ली मला कुणी विचारत नाही हे खरे, पण म्हणून रडगाणे गाण्याचा माझा स्वभाव नाही. मी काय केले ते मला चांगले ठाऊक आहे आणि तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

तुमच्यापैकी निम्म्यांनी अडसर पाहिलाही नसेल. डोंगरावर ढोरांचा वाडा असतो, म्हणजे काटेरी कुंपण घातलेली मोठी मोकळी जागा. त्याच्या तोंडाशी दोन खांब रोवतात. खांबांना भोके पाडतात आणि त्यांतून आडवा दांडा सरकवतात. तो दांडा म्हणजे मी. माझ्याखाली आणखी दोन दांडे होते, पण ते आपले नावाला. ढोर छातीने रेटते ते माझ्यावर.

धाऊ नावाच्या ठाकराने मला तोडले, सोलले आणि तासले. खालच्या गावांतले शेतकरी भाताची लावणी उरकली की आपले बैल, गाई धाऊच्या हवाली करत. डोंगरावर तेव्हा गुडघाभर गवत असे. दसऱ्यानंतर ढोरे धष्टपुष्ट होऊन खाली जात आणि सुगीला धाऊच्या घरी भात येई. त्या भातावर त्याचे घर वर्षभर जेवे. ही रीत त्याच्या बापापासूनची.

धाऊने माझ्या पाठीवर कोयत्याने एक लांबट खोबण कोरली होती. ती कशासाठी, सांगतो. नवे ढोर आले की धाऊ त्या खोबणीत मूठभर मीठ पसरी. नवे ढोर बाहेरून चाटे, जुनी आतून चाटत. माझ्या पाठीवर त्यांची नाके एकमेकांना लागत. मीठ संपेपर्यंत त्यांची ओळख झालेली असे आणि आत गेल्यावर कुणी कुणाला शिंगावर घेत नसे. मीठ चाटवले की ढोर आपले झाले असे सगळे मानत. मला त्या मिठाचा केवढा तोरा होता म्हणून सांगू! दोन्ही बाजूंच्या खरखरीत जिभा अंगावरून फिरत आणि मी जहागीरदारासारखा आडवा पडून असे.

मग मानमोडीचे साल आले. पहिले महायुद्ध संपता संपता जगभर जो ताप पसरला त्याला आपल्याकडे मानमोडी म्हणत. कर्जतच्या बाजारातून तो वाडीत आला. धाऊचा एक जुना सोबती तापाने पडला. वाडीची रीत अशी की कुणी आजारी पडला की सगळ्यांनी त्याच्याभोवती बसायचे आणि एकच चिलीम हातोहात फिरवायची. आजाऱ्याला एकटे टाकणे म्हणजे माणुसकी सोडणे. धाऊ गेला, बसला. चिलीम त्याच्यापर्यंत आली, तशी त्याने ओढली. चार दिवसांत त्याने अंथरूण धरले आणि मग तो काही उठला नाही. त्या चिलमीभोवती बसलेले आणखीही पुष्कळ जण गेले.

धाऊला मुलगा नव्हता. त्याची लेक जिजा आणि जावई कमळ्या यांनी वाडा सांभाळला. कमळ्या मऊ स्वभावाचा, कुणाला नाही म्हणायचे त्याच्या जिवावर येई. जिजा मात्र माझ्या जातीची होती. एकदा आडवी झाली की झाली.

अशी बरीच वर्षे गेली. एका श्रावणात वाडा गच्च भरलेला असताना सरकारी ढोर डॉक्टर डोंगर चढून वर आले. पाय चिखलाने भरलेले आणि छत्री उलटी झालेली. घाटरस्त्यावर लोधिवलीकडे बुळकांडी आली आहे, असे ते सांगायला आले होते. बुळकांडी म्हणजे ढोरांचा काळ. आधी ताप, मग डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, लाळ, शेवटी हगवण, आणि आठवड्याभरात दावण रिकामी.

"ती येते तरी कशातून?" जिजाने विचारले.

डॉक्टर माझ्यावर हात टेकून म्हणाले, "एक अगदी बारीक विष आहे बाई. इतके बारीक की भिंगातून दिसत नाही. चिनी मातीच्या गाळणीतूनसुद्धा पार जाते. पण ते जिवंत अंगातच वाढते. नाकातोंडाच्या ओल्या कातडीतून आत शिरते, तिथे आपल्यासारखीच लाखो पिल्ले करते, आणि ती पुन्हा लाळेतून, श्वासातून, शेणातून बाहेर पडतात. आणि वाईट गोष्ट अशी की ढोर आजारी दिसायच्या आधीच ती बाहेर पडू लागतात."

"आन माणसाचं? मानमोडीचं?"

"तेही असेच काहीतरी बारीक असावे, असे आता म्हणतात."

जिजाची नजर माझ्या खोबणीवर गेली, जिथे सगळ्यांच्या जिभा फिरत. तिने विचारले, "औशद काय?"

"झाल्यावर नाही. आधी टोचायची लस आहे, पण ती थोडी आली आहे आणि आधी लोधिवलीला न्यायची आहे. तुमच्याकडे येईपर्यंत एकच करा. बाहेरचे ढोर आत घेऊ नका."

खरे सांगतो मित्रांनो, ते गाळणीचे ऐकून माझा जरा हिरमोड झाला. माझ्याखालून तर कोंबडीसुद्धा जाते. तिथे असल्या बारीक शत्रूपुढे माझे काय चालणार? पण मग माझ्या लक्षात आले की त्याला पाय नाहीत आणि पंखही नाहीत. तो लांबचा प्रवास करतो तो ढोराच्या अंगातून. ढोर अडवले की तोही अडला. आणि ढोर अडवण्यात माझा हात धरणारा डोंगरात कोणी नव्हता.

डॉक्टर गेले आणि दोनच दिवसांनी भिसेगावचे आबाजी वर आले. आबाजी म्हणजे धाऊचे जुने मित्र आणि भिसेगावातले वजनदार शेतकरी. त्यांच्या शब्दावर अर्धे गाव आपली ढोरे जिजाकडे पाठवी. त्यांच्यासोबत त्यांचे दोन बैल होते, खैऱ्या आणि मोऱ्या. दोन्ही अंगाने चकचकीत होते.

कमळ्या हसत पुढे झाला. त्याने माझे एक टोक धरून निम्मे सरकवलेसुद्धा.

"थांब रं! सोड त्याला!" जिजा पलीकडून ओरडली आणि धावत आली. "बाबा, बैल येवडे दिस कुटं व्हते?"

"लोधिवलीला. लेकीकडं गाडी घेऊन गेल्तो," आबाजी म्हणाले.

"तितं बुळकांडी हाय."

"आसंल. ती दुसऱ्यांच्या दावणीला. माजे बैल बघ की, कसे ताठ हायत. काल भारा भारा गवत खाल्लंय."

ते खोटे बोलत नव्हते. बैल ठणठणीत दिसत होते. खैऱ्याने सवयीने हनुवटी माझ्या पाठीवर ठेवली आणि मीठ आहे का ते जिभेने चाचपले. आतून एक तांबडी गाय नाक पुढे करत त्याच्याकडे आली. जिजाने काठी उचलून तिच्या नाकाडावर हाणली. त्या गाईला आजवर कुणी फुलानेसुद्धा मारले नव्हते. ती दचकून मागे पळाली आणि तिच्यामागे सगळा कळप हटला.

आबाजींचा चेहरा उतरला. "मीठ नाय? माज्या बैलांना मीठ नाय?"

"आज नाय बाबा. ओहळापल्याड रिकामं खोपट हाय. बैल तितं ठेवा. मी गवत देते, तुमाला भाकर देते. आठ-धा दिस जाऊ देत. काय नाय झालं, तर मी सोता बैल आत आणीन."

"म्या काय महारोगी हाय व्हय? धाऊ असता तर आसं झालं नसतं!"

जिजा मागे सरली नाही. "बा तसाच गेला. चिलमीला नाय म्हनता आलं नाय त्याला. मी म्हनते. वाड्यात सात गावची ढोरं हायत, बाबा. तुमच्या बैलांबरुबर ती बुळकांडी आत गेली, तर मी कुनाकुनाच्या पाया पडू?"

कमळ्याने तिला बाजूला घेतले. तो हळूच बोलला, पण माझ्यापासून काय लपणार? "आबाजीबाबा रुसला तर भिसेगाव रुसंल. पुडल्या साली येक ढोर यायचं नाय. खायाचं काय गं आपन?"

"करवंदं खाऊ," जिजा म्हणाली आणि तिने मला पुन्हा भोकात ढकलले. मी खाडकन बसलो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात गोड आवाज आहे.

आबाजी संतापाने लालबुंद झाले. "बसतो तुज्या खोपटात! धा दिस बसतो आन तुला दावतो. मंग माज्या बैलांची माफी मागशील!" असे म्हणून ते बैलांना घेऊन तरातरा ओहळ ओलांडून गेले.

ते दिसेनासे होताच जिजाने मला बाहेर ओढले. उकळत्या राखेच्या पाण्याने घासले. मग कुंपणाबाहेर जाळ करून माझी पाठ त्यावर फिरवली, खोबण काळी पडेपर्यंत. जिथे खैऱ्याची लाळ लागली होती तिथे तर दोनदा. मला चटके बसले, पण मी हूं की चूं केले नाही. तिने आपले हात धुतले आणि लुगडेही उकळत्या पाण्यात घातले.

ओहळाच्या मधोमध एक मोठा धोंडा होता. जिजा रोज त्यावर भाकरी ठेवून मागे सरे. मग आबाजी येऊन भाकरी उचलत. पहिले काही दिवस ते तोंड फिरवून घेत. एके दिवशी तर त्यांनी मुद्दाम मोठ्याने बैलांना विचारले, "काय रं खैऱ्या, मेलास का न्हाई आजून?"

त्यानंतरच्या सकाळी जिजा भाकरी घेऊन ओहळात उतरली, तर पलीकडून आबाजींची हाक आली.

"जिजा, हिकडं येऊ नको गं! तितंच थांब! खैऱ्याच्या डोळ्यांतनं पानी येतंय!"

जिजा धोंड्याशी उभी राहिली आणि रडू लागली. जिंकल्याचा आनंद तिला झाला नाही, हे मी वाड्याच्या तोंडाशी बसून पाहत होतो. पलीकडे तो म्हातारा माणूसही कपाळाला हात लावून बसला होता आणि दोघांमध्ये नुसते पाणी वाहत होते.

खैऱ्याचे तोंड फोडांनी भरले. मग मोऱ्याही पडला. आबाजी दोघांच्या तोंडात पेजेचे पाणी ओतत राहिले. एका दुपारी खैऱ्या गेला. एरवी मेलेल्या बैलाचे कातडे गावाला जाते. आबाजींनी ते काढू दिले नाही. स्वतः खड्डा खणला, कमरेपेक्षा खोल, आणि खैऱ्याला वरून राख टाकून मातीआड केले. मोऱ्या मात्र तगला. हाडांचा सापळा उरला, पण पुन्हा गवताला तोंड लावू लागला.

नंतर डॉक्टर लस घेऊन वर आले. सात गावची ढोरे एकेक करून माझ्याजवळ आणली गेली आणि टोचली गेली. एकही दगावले नव्हते. मोऱ्याला बघून डॉक्टर म्हणाले, "याला आता लस नको. हा बुळकांडीतून उठला. पुन्हा याला ती होणार नाही, आणि पुरता बरा झाल्यावर याच्यापासून दुसऱ्याला भीतीही नाही."

कमळ्या आनंदाने मला सरकवायला धावला. पण आबाजी लांबच उभे राहिले. "जिजाला इचार आदी," ते म्हणाले. "माज्या धोतराला त्या खोपटाची माती हाय." जिजाने त्यांना गरम पाणी दिले, ते ओहळावर जाऊन आंघोळ करून आले, आणि मगच मी उघडलो.

भिसेगाव रुसले नाही. आबाजींनी खाली जाऊन दारोदार स्वतःच्या तोंडाने सांगितले की आपला बैल बुळकांडीने गेला आणि जिजाने अडवले म्हणून बाकीच्यांचे वाचले. पुढच्या श्रावणात ते वर येऊन माझ्याशेजारीच ठाण मांडून बसले. जो येईल त्याला विचारत, "बैल कुटं कुटं फिरले रं? लस टोचली का?"

एके दिवशी त्यांचा सख्खा जावई लोधिवलीहून नवा खोंड घेऊन आला. सासऱ्याला पाहून तो खुशीत माझ्याकडे हात नेऊ लागला.

"हात काड," आबाजी म्हणाले. "टोचलाय का?"

"न्हाई, मामा. पन घरचाच तर हाय."

"घरचा हाय म्हनूनच सांगतो. जा ओहळापल्याड. भाकर मी आनतो."

जावई गाल फुगवून गेला आणि दहा दिवस खोपटात राहिला. त्याच्या खोंडाला काहीही झाले नाही. त्याने सासऱ्याला ते ऐकवलेही. आबाजी नुसते हसले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी मला सरकवले.

मित्रांनो, तुमच्या पुस्तकात त्या बारीक विषाला विषाणू म्हणतात. माणसाचा असो की ढोराचा, तो निरोगी दिसणाऱ्याच्या अंगातूनही येतो, आणि बहुतेक वेळा आपल्या माणसाच्या हातूनच येतो. परका कुणाच्या चिलमीला तोंड लावतो? म्हणून ताप आला, अंगावर पुरळ उठले, खोकला लागला तर लपवू नका. स्वतःहून थोडे लांब थांबा. लस मिळत असेल तर वेळेवर घ्या आणि मुक्या जनावरांनाही द्या. दुसऱ्याला थांबवायची वेळ आली तर माझ्यासारखे घट्ट बसा, लाजू नका. आणि ज्याला थांबवले असेल, त्याची भाकरी रोज धोंड्यावर नेऊन ठेवा.