बिस्किटाची ओळ फुलेना

पॉलीहाऊसातली शेवटची ओळ काही केल्या फुलेना, आणि माझं डोकं पार चक्रावून गेलं.

आता, गांजाचं झाड कसं वागतं हे मला शिकवायला कुणी येऊ नये. हम्बोल्टच्या या डोंगरात मी जन्मले, चालायला शिकले तीच या झाडांच्या रांगांतून. दिवस लहान झाला की त्याला फुलोरा येतो. आम्ही त्याला भर उन्हाळ्यातच फसवतो. संध्याकाळी ऊन असतानाच पॉलीहाऊसवर काळी ताडपत्री ओढायची, आणि अंधार पडला की झाडांना वारा लागावा म्हणून परत काढायची. झाडाला वाटतं, चला, थंडी आली, उरका आता. बाकीच्या ओळी शहाण्यासारख्या फसल्या होत्या. शेंड्याशेंड्याला कळीचे पहिले पांढरे केस फुटले होते. आणि ही शेवटची ओळ आपली हिरवीगार, पानांवर पानं काढत बसलेली.

ती ओळ म्हणजे बिस्किट. माझ्या बाबांनी जन्मभर जपलेलं वाण. खोडाला अंगठा घासून हुंगला की भट्टीतून नुकत्या काढलेल्या बिस्किटांचा वास येतो, म्हणून त्यांनीच हे नाव ठेवलं. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. आता परवान्याने गांजा विकणाऱ्या दुकानवाल्यांना जांभळ्या कळ्या हव्यात, लहान मुलांच्या गोळ्यांसारखा वास हवा. बिस्किट कुणी हातातसुद्धा धरत नाही. म्हणून वसंतात मी आणि माझा नवरा ऑरिन, आम्ही ठरवलं की उरलेली सगळी बिस्किटं यंदा फुलोऱ्यावर घालायची आणि विषय संपवायचा. गांजा एकदाच फुलतो. फुलला, कापला, संपला. हे वाण दुसऱ्या कुणाकडे नाही, म्हणजे आमचं गेलं की गेलंच. आईच्या देखतच ठरवलं. ती टेबलाशी बसून घेवडा निवडत होती. "हूं," एवढंच म्हणाली.

मला वाटलं, तिला पटलं.

"तूच जास्त छाटलंस," मी ऑरिनला म्हटलं. कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय मला चैन पडत नाही. "एवढं ओरबाडल्यावर झाड फुलेल कशाला? आधी पानं भरून काढणार ते."

"मी? अगं, तुझ्या बापाच्या झाडाला कात्री लावायच्या आधी मी तीनदा तुझं तोंड बघतो!"

"मग आता काय बघतोस? खाली बस आणि फांद्या काढ."

झाडं माझ्या डोक्याच्या वर गेलेली, खोडं मनगटाएवढी. खालच्या सावलीतल्या फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या नुसत्या खातात. त्या काढायच्या. पोटातले बारीक फुटवे काढायचे. उन्हाच्या आड येणारं मोठं पान देठाशी खुडायचं. वर जे उरेल ते जाळीत नीट पसरून बांधायचं. थोड्या वेळात कात्रीला काळा चीक धरतो, बोटं एकमेकांना चिकटतात, आणि नेमकं तेव्हाच नाकाला खाज सुटते. ऑरिन दंडाने नाक खाजवत होता आणि माझ्या नावाने काहीतरी पुटपुटत होता.

आईची झोपडी पॉलीहाऊसच्या याच शेवटच्या ओळीच्या बाजूला, अगदी लागून. व्हरांड्यात खुर्ची टाकून ती आमच्यावर नजर ठेवून असते. संधिवाताने मनगटं गेल्यापासून तिला कात्री धरवत नाही, त्यामुळे सगळं काम तोंडाने करते.

"टॅन्सी! शेंडे खुड!"

मी ऑरिनकडे बघितलं. ऑरिनने माझ्याकडे.

"आई, फुलोऱ्यावर घातलेल्या झाडाचे शेंडे कोण खुडतं? शेंड्यालाच तर कळी धरायची आहे."

"खुड म्हणते ना. फार उंच चाललीत."

"नडीन, तुमची कॉफी गार होतेय," ऑरिन तिला म्हणाला. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "तब्येत बरी आहे ना गं त्यांची?"

शेंडे खुडायचे ते ठेवायच्या झाडाचे, ज्याला वर्षानुवर्षं झुडपासारखं बुटकं राखायचं असतं त्याचे. हे आईला माहीत नाही? मला कात्री धरायला शिकवली तिने! आता झाड कुठल्या कामाचं आहे हेच तिच्या लक्षात राहत नसेल तर... मी पुढचा विचार केला नाही. खाली वाकले आणि नको ती फांदीसुद्धा कापून टाकली.

त्या आठवड्यात आम्ही काही करायचं बाकी ठेवलं नाही. ताडपत्रीला भोक पडलं असेल म्हणून भर दुपारी ती ओढून मी आत बसले, घामाने निथळले, पण सुईएवढासुद्धा उजेड दिसेना. खत बदललं. पाणी तपासलं. एका ताडपत्रीखालची, एका टाकीचं पाणी पिणारी झाडं, पलीकडची ओळ कळ्यांनी लगडली आणि ही मेली ढिम्म. आईला विचारलं तर म्हणे, "असतात काही झाडं हट्टी." ऑरिन म्हणाला, अजून दोन आठवडे बघू, नाहीतर सरळ उपटून खतात घालू. तेवढ्यात आईच्या हातातला कप बशीवर आपटला. मी म्हटलं, मनगटं दुखत असतील.

त्या रात्री अंधार पडल्यावर आम्ही नेहमीसारखी ताडपत्री काढली आणि ओढ्यापलीकडच्या आमच्या घराकडे निघालो. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं, माझा चष्मा पॉलीहाऊसातच राहिला. ऑरिनला पुढे पाठवलं आणि मी एकटीच मागे फिरले.

आईच्या व्हरांड्यातला दिवा लागलेला होता.

आई कोंबड्यांबरोबर झोपणारी बाई. तो दिवा मी कित्येक वर्षांत लागलेला पाहिला नव्हता. त्याचा पिवळा उजेड प्लास्टिकमधून थेट शेवटच्या ओळीवर पडला होता, बिस्किटाचं पान न् पान मोजून घ्यावं असा. शेजारच्या ओळीपर्यंत तो पोचतच नव्हता. रात्री असा उजेड मिळाला की झाड समजतं, अजून उन्हाळाच आहे. आपलं कोडं सुटलं म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला रडूच फुटलं, कारण त्या दिव्याचा अर्थ मला माहीत होता.

मी लहान असताना गांजाला बंदी होती, धाडी पडायच्या. डोक्यावर हेलिकॉप्टरं फिरायची आणि बाबा वरच्या जंगलात जाऊन लपायचे. पोलीस गेले की आई व्हरांड्यातला दिवा लावायची. दिवा लागला म्हणजे वाट मोकळी, घरी या. डोंगरातल्या सगळ्या घरांची तीच खूण होती.

म्हणजे आई बाबांची वाट बघत होती. शेंडे खुड म्हणणारी, सगळं विसरत चाललेली माझी आई! मी पायऱ्या चढले. ती खुर्चीत गोधडी घेऊन बसली होती. मी तिच्या पायाशी बसले आणि लहान मुलाशी बोलावं तसं बोलले.

"आई, अगं, आता धाडी नाही पडत. सगळं कायदेशीर झालंय. आणि बाबा..." मी तिची गोधडी सारखी केली. "बाबा नाही यायचे गं आता."

आईने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"तुझे बाबा वारले ते मला माहीत आहे. मीच पुरलं त्यांना. माझं डोकं फिरलंय असं वाटतं का तुला?"

"मग दिवा कशाला लावलास?"

"कशाला म्हणजे? झाडं फुलू नयेत म्हणून!"

मी वळून खालच्या ओळीकडे बघितलं.

"फुलली की कापशील," आई म्हणाली. "म्हणून फुलू देत नाही."

"अगं, पण मला सांगायचंस ना! तोंडात काय मूग धरले होतेस? मी वेड्यासारखी ताडपत्रीत बसून घाम गाळला! ऑरिनला वाट्टेल ते बोलले!"

"त्याला बोलायला तुला निमित्त लागतं होय?" आई क्षणभर हसली, मग गोधडीच्या दोऱ्याशी चाळा करत बसली. "काय सांगायचं? खपत नाही म्हणालीस. खरंच आहे, नाही खपत. जमीन तुझी, राबता तुम्ही. माझ्याकडे एक दिवा होता, तो तुम्ही घरी गेलात की रोज लावला."

खाली झाडं उभी होती.

"सकाळी उठले की मी खाली जाते," ती म्हणाली. "खोडाला अंगठा घासते आणि हुंगते. ते करायचे ना, तसंच. हुंगायचे आणि ओरडून सांगायचे, नडीन, बिस्किटं झाली गं! त्यांचा शर्ट ठेवला होता मी, टॅन्सी. त्याला आता कपाटाचा वास येतो."

इतके दिवस मी पान न् पान उलटून बघत होते, फक्त तेवढं एक वर मान करून व्हरांड्याकडे बघितलं नव्हतं.

"कायमची ठेव असं नाही म्हणत मी," आई म्हणाली. "मी आहे तोवर. मी गेले की घालव दिवा. फुलू देत मग. पण तोवर शेंडे तुलाच खुडावे लागतील, माझ्या हाताने होत नाही."

दुसऱ्या दिवशी शेवटची ओळ आणि बाकीच्या ओळी यांच्यामध्ये आम्ही काळं प्लास्टिक टांगलं, शेंडे खुडून ही ओळ बुटकी झाली तरी इकडच्या कळ्यांना उजेड लागू नये म्हणून. "नडीन, एका ओळीसाठी भिंत बांधायला लावलीत!" ऑरिन ओरडला. "आणि वाकडी बांधलीस!" आई वरून ओरडली. मी शेंडे खुडत होते. एकेक झाड करत कोपऱ्यातल्या शेवटच्या झाडाशी आले आणि थबकले. त्याच्या लांबच्या एका फांदीला दोन पांढरे केस फुटले होते. दिव्याचा उजेड तिथवर पुरत नव्हता.

मी ती फांदी कापली. मग गाडी काढून गावात गेले, हार्डवेअरच्या दुकानातला सगळ्यात मोठा बल्ब आणला, आणि आईच्या खुर्चीशेजारी स्टूल ठेवून त्यावर चढले.

"धर गं स्टूल," मी म्हटलं.

आईने दोन्ही वाकड्या हातांनी स्टूल धरलं, आणि मी जुना बल्ब काढून नवा लावला.