पाणकणसाखालचा खड्डा

आमच्या भाऊजींचं तोंड म्हणजे नुसती साखर. तळ्याकाठच्या नव्या बागेच्या समितीसमोर उभे राहून म्हणाले, "हा पाणथळ तुकडा देवानं घडवला तसाच आहे." मला हसावं की रडावं कळेना. अहो, तिथं कातडी कमावायचा कारखाना होता! मी तिथंच कातडी निवडायला होते आणि हे होते मॅनेजर.

कारखान्याच्या आधी होतं म्हणा सगळं. पाणकोंबड्या, बगळे, चिखलात शिंपले, पावलाखालून सटकणारे बेडूक. मग कारखाना आला आणि कातडी कमावताना उरणारा क्रोमचा हिरवा गाळ काठावरच्या चौकोनी खड्ड्यात पडू लागला. बेडूक गेले, पाठोपाठ बगळे गेले. तपासणीला साहेब यायचे असले की भाऊजी गाळावर मातीचा थर टाकून घ्यायचे आणि वर पाणकणीस लावायला लावायचे, दोरी धरून, ओळीनं. साहेब खूश, भाऊजी खूश. पुढं कारखाना बंद पडला आणि कणीस माजलं. आता समितीला नेमका तोच चौकोन आवडला. ठरलं काय, तर कणीस उपटायचं आणि तिथं पोरांना चिखलात खेळायला डबकं करायचं!

मी समितीत जाऊन भांडले. समितीनं भाऊजींना विचारलं. ते हसून म्हणाले, "वहिनींना राईचा पर्वत करायची सवयच आहे." झालं! मॅनेजरचा शब्द खरा आणि माझी ती कटकट.

घरी मी त्यांना गाठलं. "भाऊजी, खाली काय आहे ते तुम्हीच पुरलंत. निदान माती तरी तपासून घ्या."

"इतकी वर्षं झाली, वहिनी. वाहून गेलं असेल."

"वाहून कुठं जाणार? तळ्यातच ना?"

"बागेला बाबांचं नाव देतायत. उगाच जुनं उकरू नका." असं म्हणून चहा पीत बसले. लाज कशी वाटत नाही म्हणते मी!

उद्घाटनाच्या दिवशी फीत कापली आणि शाळेची पोरं बूट काढून धावत सुटली. मी "थांबा, थांबा" ओरडत पुढं घुसले, तर समितीतल्या एकानं माझा दंड धरला. भाऊजींनी आपल्या नातीला मात्र सर्दीचं निमित्त काढून तिच्या आईजवळ बसवलं होतं. पण पोरगीच ती, बसतेय कशाला! आईचा हात सोडवून गुडघाभर चिखलात उतरली आणि तिनं मूठभर गाळ वर काढला. हिरवागार.

"चिमणे! बाहेर ये! तोंडाला हात लावू नकोस, विष आहे ते!"

भाऊजींची ती किंकाळी सगळ्यांनी ऐकली. बुटांसकट आत शिरले, नातीला उचललं आणि नळाकडे पळाले. माझा दंड आपोआप सुटला. मी डबक्यात उतरले आणि एकेका पोराला ओढून बाहेर काढू लागले. ती पोरं बिचारी हातात गाळ घेऊन नुसती बघत उभी होती. आणि तो माणूस नळाखाली नातीचे हात चोळत होता. या पोरांकडे त्यानं एकदासुद्धा वळून पाहिलं नाही.